वेदनापट्टी आणि चिमणी म्हैस

शिवन्या दहिहंडे पुढे माघ महिन्यात गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी शेवटाची धास्ती घेऊन बसणार नाही. मी सांगणार आहे ती गोष्ट त्याआधीच्या दिवाळीत, पाडव्याला संपते. आणि ती निम्मी तरी एका म्हशीची आहे.

मी एस्तेर साळवे, नर्स. कोल्हापुरात कॅन्सर झालेल्या मुलांसाठी एक घरपोच पथक चालतं, त्यात काम करते. ज्यांचा आजार आता औषधांना दाद देत नाही अशा मुलांच्या घरी आम्ही जातो. त्यांचं दुखणं कमी करायचं, झोप लागेल असं बघायचं, आणि आईबापांना सावरून धरायचं. आमची गाडी दाराशी थांबली की शेजारणी डोळ्याला पदर लावतात. मला त्याचा भारी राग येतो. अहो, मूल जिवंत आहे ना अजून? त्याला पत्त्यांत लबाडी करायची असते, बहिणीची वेणी ओढायची असते, कटाची मिसळ खायची असते. त्या मिसळीपर्यंत त्याला धडपणे पोचवणं हे आमचं काम. ती खाताना मी आजवर बरीच मुलं पाहिली आहेत, त्यामुळे मला कुणाची कीव करायला सवड नसते.

त्या वर्षी आमच्या हातात वेदनापट्टी आली.

ताप मोजायला थर्मामीटर होता, पण दुखणं मोजायला काही नव्हतं. आम्ही मुलांसमोर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता धरायचो आणि म्हणायचो, तुझा चेहरा यातला कुठला, बोट ठेव. आई समोर असली की मुलं हमखास हसऱ्यावर बोट ठेवतात. वेदनापट्टीला असं विचारावं लागत नव्हतं. रुपयाच्या नाण्याएवढी मऊ चकती, मानेखाली चिकटवायची. तिच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया असतात. त्या कातडीच्या वरच्याच थरात राहतात, टोचल्याचं कळतही नाही. दुखायला लागलं की शरीर गप्प बसत नाही. तणावाची रसायनं वाढतात, घाम बदलतो, नाडीची लय बिघडते, स्नायू आखडतात. पट्टी हे सगळं एकदम वाचते, त्या वयात शरीर निवांत असताना कसं असतं त्याच्याशी ताडून बघते आणि आईच्या मनगटातल्या कड्यावर एक रंग दाखवते. हिरवा म्हणजे आराम. मग पिवळा, नारिंगी आणि शेवटी लाल. नाडी, ताप, श्वास, मूल कुठे आहे ही बाकीची माहिती फक्त आमच्याकडे येते, घरच्यांना उगाच घोर नको म्हणून.

शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा पट्टी बरोबर सांगते, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त ते आकडे कुठल्या मुलांवरून काढले, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

दहिहंडे मंडळी गंगावेशीतली गवळी. संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी आणायच्या आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून फेसाळता पेला हातात द्यायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. घरात चार माणसं. बसाप्पा आज्जा, त्यांचा मुलगा वीरेश, सून वृषाली आणि अकरा वर्षांची शिवन्या, म्हणजे शिवू. शिवूच्या मांडीच्या हाडात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, केस आले, आणि मग गाठी फुप्फुसात दिसल्या. मोठ्या रुग्णालयानं फाईल आमच्याकडे पाठवली. पहिल्या दिवशी मी घरात शिरले तेव्हा ती कुबडी टेकत दारात उभी होती. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, म्हशीला भिता का? मी हो म्हणाले. तिनं मान हलवली, जणू मी तिथेच नापास झाले होते.

ती म्हैस म्हणजे चिमणी. रेडकू असताना छोट्या शिवूनं ठेवलेलं नाव. आता ती दार भरून जाईल एवढी थोराड झाली होती, शिंगं मागे वळून पाठीला टेकायला आलेली, आणि नाव चिमणीच. ती फक्त शिवूच्या हाकेला उठायची. बाकी कुणी कितीही ओरडो, ती रवंथ करत बघत बसायची.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी पाडव्याचं सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला इथले गवळी म्हशी सजवतात. आधी त्यांचे केस भादरतात, म्हणजे वस्तऱ्यानं काढतात. ते काढताना अंगावर मोर, फुलं, मालकाचं नाव अशी नक्षी कोरतात. शिंगं रंगवतात, कवड्यांच्या माळा घालतात, पायांत चाळ बांधतात. मग मालक फाटक्या आवाजाच्या मोटारसायकलवर पुढे सुटतो, हाक देतो, आणि म्हैस एवढं अंग घेऊन त्याच्यामागे गर्दीतून पळत येते. दावं नाही, काठी नाही. नुसत्या हाकेवर. गाड्या सगळ्या विजेच्या झाल्यापासून पोरं भोंग्यावर इंजिनाचा आवाज लावतात. बसाप्पा आज्जा त्याला नाटकी म्हणायचे. त्यांनी आपली पेट्रोलची जुनी गाडी एवढ्यासाठी जपली होती आणि वर्षातून एकदा ती बाहेर निघायची.

आजार येण्याआधी दोन पाडवे शिवूनं त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून चिमणीला पळवलं होतं. गाडी वृषाली चालवायची. हो, वृषाली. एके काळी ही बाई दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून गल्लीबोळांतून गाडी हाणायची आणि हसायची तेव्हा कट्ट्यावर ऐकू यायचं, असं आज्जा सांगायचे. मला ते खरं वाटायचं नाही, कारण मी पाहिलेली वृषाली हळू आवाजात बोलायची आणि सारखी मनगटाकडे बघायची.

शिवूचं मागणं एकच होतं. या पाडव्याला चिमणीला पळवायचं. पुढच्या पाडव्याचं ती बोलायची नाही, त्यावरून तिला काय कळलं आहे ते मला कळलं होतं.

आणि वृषाली नाही म्हणत होती. तिच्या हातात पुरावा होता. शिवू गोठ्यात गेली की कडं नारिंगी व्हायचं. घरात अंथरुणावर हिरवं किंवा फिकट पिवळं, गोठ्यात पाय ठेवला की नारिंगी. "तिला उभं ऱ्हायला सोसत न्हाई, सिस्टर," ती म्हणायची, "तोंडानं बोलत न्हाई पोरगी, पर पट्टी बोलती." शिवू म्हणायची, मला काही दुखत नाही. पहाटे कड्यावर पिवळा दिसायचा तेव्हाही तेच म्हणायची. आमचे डॉक्टर फिरोज मुजावर, एरवी चांगले मुरलेले, पण नव्या यंत्राचं त्यांनाही अप्रूप होतं. मूल एक सांगतंय, पट्टी दुसरं सांगतेय, म्हणजे मूल लपवतंय. त्यांनी दिवसाचं मॉर्फिन वाढवलं. शिवू दुपारी पेंगायला लागली. वृषालीनं गोठ्याच्या वाटेवरच्या दाराला कडी घातली.

घर शांत झालं आणि कडं हिरवं राहायला लागलं. आम्ही सगळे समाधानी होतो, एक शिवू सोडून.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी आमच्या केंद्रात धोक्याची घंटा वाजली. दहिहंडे, शिवन्या. ताप एकशे एकच्या पुढे. नाडी पन्नासच्या खाली. लहान मुलाची नाडी एवढी उतरते आणि त्याचं मॉर्फिन आदल्या आठवड्यात वाढवलेलं असतं, तेव्हा काय समजायचं ते सांगायला डॉक्टर लागत नाही. मुजावरांचा चेहरा उतरला. मॉर्फिनवरच्या उताऱ्याची सुई त्यांनी खिशात टाकली आणि आम्ही गाडीत बसलो.

आमची गाडी बिनचालकाची. शिस्तीची, सभ्य, समोर कुणी आलं की थांबणारी. दिवाळीच्या आठवड्यात कोल्हापुरात सगळ्या म्हशी पंचगंगेवर धुवायला निघतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गंगावेशीच्या तोंडाशी ती एका कळपासमोर थांबली. कळप गेला, दुसरा आला. गाडीनं गोड आवाजात आम्हाला वाट पाहण्याची विनंती केली. मुजावरांनी तिला मी इथे लिहू शकत नाही असं काहीतरी म्हटलं आणि आम्ही उतरून पळालो.

वृषाली ओसरीवर दुधाच्या किटल्या घासत होती. आम्हाला धापा टाकताना बघून तिनं हसून मनगट पुढे केलं. तासभर झाला, हिरवंगार. इतकं हिरवं कधीच नव्हतं, ती म्हणाली, झोपलीय निवांत.

मी खोलीत गेले. पांघरुणाखाली दोन उशा होत्या आणि त्यावर आज्जांचा पटका.

मुजावरांनी हातातल्या छोट्या पडद्यावर शिवूची जागा बघितली. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. निळा ठिपका पंचगंगेवर होता. घाटावर नाही, काठावर नाही. पात्रात, पाण्याच्या मधोमध. वृषालीनंही ते पाहिलं.

ती किंचाळली वगैरे नाही. तिनं दारातली दूध वाटायची गाडी चालू केली, मुजावरांना दंडाला धरून मागे बसवलं आणि सुटली. आमचे डॉक्टर एका हातात सुई आणि दुसऱ्या हातानं टोपी धरून म्हशींच्या कळपातून नागमोडी जाताना मी बघितले. आज्जा सांगायचे ते खरं होतं, एवढंच त्या क्षणी माझ्या मनात आलं. मग मी एका रिक्षाला हात केला आणि वाटभर देवाचा धावा करत गेले.

घाटावर पोचले तेव्हा वृषाली गुडघाभर पाण्यात उभी होती आणि समोर बघत होती. तिथे चिमणी होती. नाकपुड्या, शिंगं आणि मानेचा वरचा भाग एवढंच पाण्याबाहेर, डोळे अर्धे मिटलेले. नुकतीच भादरलेली होती. मानेवर आज्जांनी वस्तऱ्यानं झकास मोर काढला होता. आणि मोराच्या डोळ्याच्या जागी रुपयाच्या नाण्याएवढी मऊ चकती चिकटवलेली होती.

मागच्या पायरीवर शिवू आणि आज्जा भडंग खात बसले होते. आमच्याकडे बघून शिवूचा घास तोंडातच राहिला.

मुजावरांनी चिमणीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. म्हशीचं अंग मुळातच माणसापेक्षा गरम असतं आणि नाडी संथ. पट्टीला मूल आणि म्हैस यातला फरक ओळखायला कुणी शिकवलं नव्हतं. बनवणाऱ्यांत कोल्हापूरचं कुणी नसणार. एरवी केसाळ म्हशीला ती चिकटलीही नसती, पण वसुबारसेला अख्ख्या कोल्हापुरातल्या म्हशी गुळगुळीत असतात. डॉक्टरांनी सुई परत खिशात घातली आणि म्हणाले, "इतका ठणठणीत पेशंट मी महिन्याभरात बघितला नाही."

मला हसू फुटलं. आज्जांनाही फुटलं, पण त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि गिळलं.

वृषाली पाण्यातून आली, खालच्या ओल्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, हुंदके देऊन, बायका धुणं थांबवून बघायला लागल्या तरी. मी पुढे होणार होते, पण शिवू कुबडी टाकून बसल्या बसल्या पायऱ्या उतरत तिच्याजवळ गेली.

"हां, असं रड की," ती म्हणाली. "न्हाणीत नळ सोडून रडतीस ते मला ऐकू येतंय. मला वाटतं माझ्या दुखण्यानं रडतीस. म्हणून मी दुखतंय म्हणून सांगत न्हाई."

वृषालीचं रडं थांबलं. तीन महिने आम्ही त्या घरात जात होतो, समुपदेशनाचे सगळे धडे माझे पाठ होते, आणि नळ मी एकदाही ऐकला नव्हता.

मुजावर शिवूच्या शेजारी पायरीवर टेकले. त्यांनी आज्जांकडून भडंग मागून घेतलं. मग विचारलं, गोठ्यात गेल्यावर कुठे दुखतं?

कुठेच नाही, ती म्हणाली.

पट्टी तर नारिंगी होते.

"ती पट्टीला विचारा. मला विचारलंत तर मी सांगतो, गोठ्यात मला लई भारी वाटतंय. चिमणी उठली की छाती धडधड करती." आज्जांच्या संगतीनं तीही पुरुषी थाटात बोलायची. "दुखतंय ते पहाटे. तवा पाय आतनं कुणीतरी पिळल्यागत होतंय. तवा तुम्ही कुणी विचारत न्हाई, आणि मी आईला उठवत न्हाई."

मुजावर भडंग चघळत राहिले. मी त्यांना ओळखते, त्यांना काही उमगलं की ते खातात. मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, आणि अर्धं बहुधा स्वतःलाच. पट्टी दुखणं मोजत नाही. ती शरीरातली खळबळ मोजते. नाडी पळते, घाम सुटतो, रसायनं उसळतात, हे दुखण्यानं होतं तसं खूप आनंदानंही होतं. पट्टी शिकली ती मोठ्या रुग्णालयांतल्या मुलांवरून. तिथल्या वॉर्डात मुलाची छाती धडधडली तर ती दुखण्यानं किंवा भीतीनंच. म्हणून चौऱ्याण्णव टक्के बरोबर. तिथे कुणी म्हैस घेऊन येत नाही.

"म्हणजे मी हिला आनंदाला औषध दिलं," ते म्हणाले, "आणि खऱ्या दुखण्याला कमी दिलं."

त्या दिवशी दिवसाचं मॉर्फिन उतरलं आणि रात्रीचं वाढलं. दोन दिवसांत शिवूची पेंग गेली, पहाटे ती घोरायला लागली. औषधाचा भाग एवढा सोपा होता. त्याआधी घाटावरच एक वाटाघाट झाली. नवी पट्टी लावून घ्यायला शिवू तयार होईना. लावते, ती म्हणाली, पण मग आईलाही लावा. माझा रंग आई बघती, आईचा रंग मी बघणार. नाहीतर चिमणीलाच लावून ठेवा.

वृषालीनं सासऱ्यांकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. मला वाटलं ही नकार देणार. पोरीपासून सगळं लपवता यावं यासाठीच तर ती तीन महिने जगत होती. पण तिनं मुकाट्यानं मान पुढे झुकवून पदर बाजूला केला आणि मी तिला दुसरी पट्टी लावली. शिवूच्या मनगटात कडं घातलं.

कडं उजळलं ते लाल. शिवूला वाटलं आत्ता रडली म्हणून असेल. घरी गेल्यावरही लाल. धनत्रयोदशीला मी गेले तेव्हा ती माझी वाटच बघत होती. तिनं कडं माझ्या नाकासमोर धरलं. "सिस्टर, ही दिवसभर लालच आसती. चपात्या करताना लाल, दूध घालताना लाल. माझ्याशी हसून बोलती तवा बी लाल." तिचा आवाज बारीक झाला होता. "माझं तरी पहाटेपुरतं हाय."

मी तिला खोटं काही सांगितलं नाही. म्हणाले, तुझ्यासाठी दुखतं तिला, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. शिवूनं एकदा खिडकीतून गोठ्याकडे पाहिलं. मग उठली आणि कामाला लागली.

मी पुष्कळ मुलं पाहिली, पण आईची नर्स झालेलं मूल तेवढं एकच. लाल दिसलं की शिवू हाक मारायची, आई, जेवलीस का, आधी जेव. आई, इथं बस, माझ्या डोक्याला तेल लाव. डोक्यावर केस बोटभरच होते, तरी तेल. तेल लावताना नारिंगी होतं असं तिच्या ध्यानात आलं, मग ती दिवसातून तीनदा लावून घ्यायला लागली. वीरेशला तिनं दटावलं की संध्याकाळची धार तू काढ, आईला कट्ट्यावर मैत्रिणींत नुसती बसायला पाठव. वीरेश अबोल माणूस, त्यालाही बहुधा कुणीतरी काय करायचं ते सांगायची गरज होती. आणि वृषाली विचारायला शिकली. कड्यावर रंग बदलला की धावत येऊन निजवायची नाही. आधी विचारायची, हा कुठला? शिवू सांगायची, हा चिमणीचा. हा पायाचा. हा फटाक्याचा. पायाचा असला की औषध, बाकीच्यांना मोकळं रान. गोठ्याच्या दाराची कडी निघाली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाडव्याचा विषय निघाला. मुजावरांनी काही झाकलं नाही. हाड ठिसूळ झालं आहे, धक्का बसला तर मोडू शकतं, मोडलं तर दुखेल आणि उरलेले दिवस अंथरुणात जातील. जपून नेलं तर काही होणारही नाही. मी नको म्हणत नाही आणि हो म्हणत नाही, ते म्हणाले, पेशंटला विचारा. शिवू म्हणाली, मोडलं तर मोडू दे. आज्जा म्हणाले, गाडी मी हळू घेईन. वीरेश म्हणाला, मी पोरीला मागून धरीन.

वृषाली ऐकत होती. शिवूनं तिचा रंग बघितला, लाल, आणि पुढे हट्ट धरला नाही. तिनं तेवढं सोडून दिलं, ते मला दिसलं. अकरा वर्षांच्या पोरीनं आईसाठी पाडवा सोडून दिला होता.

"आज्जांच्या हातनं गाडी नगं," वृषाली म्हणाली. "त्यांना आता ती पेलत न्हाई. मागनं कुणी धरून बी भागायचं न्हाई. तिला पाठीला बांधायला पायजे, घट्ट, म्हणजे धक्का बसणार न्हाई." तिनं पदर खोचला. "आणि बांधायची तर माझ्याच पाठीला. गाडी मी घेणार."

आज्जांनी त्या संध्याकाळी गाडीचा सायलेन्सर काढला तो आवाज नदीपर्यंत गेला असेल.

पाडव्याला सकाळी दहिहंड्यांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर माणसं, हलग्या कडाडत होत्या, शिंगांचे लाल-हिरवे रंग उन्हात चमकत होते. एकेक म्हैस सुटायची आणि गल्ली आरोळ्यांनी भरून जायची. मी आणि मुजावर गल्लीच्या टोकाला, गाड्या वळतात तिथे उभे होतो. त्यांच्या पिशवीत हाड मोडलं तर बांधायच्या फळ्या होत्या, बँडेज होतं, सुया होत्या. माझ्या हातात पडदा होता. मला म्हशीचं भय अजूनही वाटत होतं, तरी मी पुढेच उभी राहिले.

मोटारसायकल फाटल्या आवाजात सुरू झाली. वृषालीनं हिरवं काठाचं लुगडं कासोटा मारून नेसलं होतं. तिच्या पाठीशी, आज्जांच्या गुलाबी पटक्यानं छातीपासून कमरेपर्यंत गुंडाळलेली शिवू, दुखरा पाय उशीवर बांधलेला. तान्ह्या बाळाला बांधतात तशी. तिनं हात वर केला.

"चिमण्येऽऽ ये ये येऽऽ."

ती हाक मी कधी विसरणार नाही. फुप्फुसांत गाठी असलेल्या मुलीची ती हाक, आणि पार टोकापर्यंत आली. गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला चिमणीनं मान वर केली. मानेवर मोर, मोराच्या डोळ्यात आता एक लाल टिकली. ती उठली आणि सुटली. कवड्यांच्या माळा उसळत होत्या, चाळ छमछम वाजत होते, एवढं धूड जमिनीला पाय लागतात न लागतात असं पळत होतं. माणसं भिंतींना चिकटली. वीरेश म्हशीच्या कडेनं धावत होता आणि ओरडत होता, त्या अबोल माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा एवढा आवाज ऐकला. पुढे गाडी, मागे चिमणी, मध्ये दोन हातांचं अंतर.

माझ्या हातातला पडदा पेटला. शिवू लाल. तिच्या शेजारी वृषाली, तीही लाल. दोघींच्या नाड्या अशा पळत होत्या की केंद्रातली घंटा वाजून वाजून थकली असेल. मी मुजावरांना पडदा दाखवला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, बंद केला आणि खिशात टाकला.

गाडी आमच्यापाशी येऊन थांबली. मागे चिमणी फुरफुरत थांबली, तिच्या श्वासानं माझी साडी ओली झाली. वृषालीचे दोन्ही हात मुठींवर होते. मनगट तिला बघताच येत नव्हतं. शिवूला मात्र स्वतःचं मनगट दिसत होतं.

"आई, लाल झालीस की गं," शिवू तिच्या कानात ओरडली. "दुखतंय व्हय?"

"न्हाई." वृषाली हसली, आणि आज्जा सांगायचे ते हसणं पार कट्ट्यावर ऐकू गेलं असणार. "ह्यो त्यातला न्हाई, शिवे. तुझं सांग. दुखतंय का?"

शिवूनं थोडा विचार केला. "पाय दुखतोय जरा. खरंच दुखतोय." मग तिनं आईच्या खांद्यावर थाप मारली. "फिरव गाडी. अजून एकदा."

मुजावर पिशवी उघडायला वाकले होते, ते तसेच थांबले. वृषालीनं आमच्याकडे पाहिलं नाही. तिनं गाडी वळवली, शिवूनं हाक दिली, आणि चिमणी पुन्हा पळत सुटली.